बदलीची शीळ

१

गोडादऱ्यात एक इमारत आहे. तिथे तळमजल्यावर साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम चालतं आणि दुसऱ्या मजल्यावर जंगल ऐकायचं. थट्टा नाही. सोळा मुलंमुली कानाला हेडफोन लावून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एका बेटाचे आवाज ऐकतात. सुरतेत पोट भरायच्या शंभर तऱ्हा आहेत, ही एकशे एकावी.

ते बेट अंदमानच्याही खाली आहे, नकाशावर मोहरीएवढं. माणूस तिथे राहत नाही, कधी राहिलाही नाही. राहतो तो एक पक्षी, कोंबडीएवढा, मातीचा ढीग रचून त्यात अंडी पुरणारा. कधीतरी कुठल्याशा जहाजातून उंदीर उतरले आणि त्यांनी त्या अंड्यांवर ताव मारला. आता अंडी असलेले ढीग उरले होते एकोणीस. म्हणून एका संस्थेने ठरवलं की हेलिकॉप्टरमधून उंदरांचं औषध टाकायचं आणि पुढे दोन वर्षं बेटावर माणसाचं पाऊल पडू द्यायचं नाही. त्याआधी तिथे काय काय आहे ते कळावं म्हणून झाडांना आवाज टिपणाऱ्या बारा पेट्या बांधल्या. त्यांचा आवाज सुरतेत यायचा आणि इथली पोरं तो ऐकून बटणं दाबायची. पक्षी, उंदीर, पाऊस, लाट, माहीत नाही. सगळ्यांत खाली एक लाल बटण होतं, माणूस. ते दाबलं की सगळं काम थांबणार आणि आधी बोट जाऊन बघून येणार. आजवर ते कोणी दाबलं नव्हतं.

"हेलिकॉप्टर? उंदरांसाठी?" योगिताने घरी सांगितलं तेव्हा तिची आई उषाबाई तोंडाला पदर लावून हसली होती. "तुना सायबले सांग, आपली गल्लीमा बी एक फेरा मार."

योगिता त्या सोळा जणांत सगळ्यांत तरबेज. सव्वीस वर्षांची पोरगी, समुद्र पाहिलाय तो फक्त डुमसचा, तोही चिखलाचा. पण बेटावरचं कबूतर कुठलं आणि खंड्या कुठला हे ती झोपेत सांगायची. उंदीर पानातून गेला की खेकडा, यावर पैज लावायची आणि जिंकायची. तिला हे काम आवडायचं, आणि आवडतं काम मिळालेला माणूस सुरतेत दिवा घेऊन शोधावा लागतो.

२

एका मंगळवारी, कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर डोळ्यांवर गुंगी होती तेव्हा, नऊ नंबरच्या पेटीत तिला एक शीळ ऐकू आली. टिपलेली वेळ सकाळी सातची. दोन लांब, आणि तिसरी आखूड, शेवटी वर जाऊन मोडलेली.

हाताच्या सवयीने तिने 'पक्षी' दाबलं. मग तिचा हात तसाच राहिला.

ही शीळ तिने लहानपणापासून ऐकलेली होती. जंगलात कशाला ऐकेल, बमरोलीच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात. चाळीस लूम एकदम खडखडत असतात तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथे शीळच चालते. एकेक कारीगर आपल्या मशिनांच्या मधल्या गल्लीत उभा असतो. चार पावलं जायचं, वळायचं, चार पावलं यायचं, तुटला धागा की जोडायचा. लूम उघडी टाकून जायची सोय नाही. लघवीला जायचं असो की चहाला, आधी शीळ घालायची. जो उलट शीळ देईल, त्याने तिथे येऊन उभं राहायचं आणि पहिला परत येईपर्यंत हलायचं नाही. याला बदली म्हणतात. शीळ तीनदा घालायची, दर वेळी उत्तराला सवड द्यायची. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही तर मुकाट्याने उभं राहायचं. ज्याची त्याची शीळ वेगळी, आणि कोणाची कुठली हे साऱ्या खात्याला पाठ.

योगिता शाळेतून आली की आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, डबा घेऊन तिथे जायची. पुढे तिचा मोठा भाऊ चेतनही त्यांच्याच शेजारी उभा राहू लागला. डावखुरा होता. "उजवा हात काय देवघरात ठेवलाय का?" म्हणून आप्पा त्याच्यावर करवादायचे. दोन लांब आणि एक मोडलेली, ही शीळ चेतनची.

चेतन खातं सोडून मालवाहू जहाजावर कामाला लागला होता. तीन वर्षांपूर्वी बंगालच्या उपसागरात एका सकाळी जहाजावरच्या लोकांनी मोजणी केली तेव्हा तो कमी भरला. देह सापडला नाही. उषाबाईने त्याच्या फोटोला अजून हार घालू दिलेला नव्हता.

योगिताने हेडफोन काढला. खालून टिकल्यांच्या डिंकाचा वास येत होता, शेजारची निशा वेफर्स खात होती. सगळं जागच्या जागी होतं. तिने पुन्हा हेडफोन लावला आणि तो तुकडा अकरा वेळा ऐकला.

३

"भृंगराज असेल गं," फोनवर रंजनाताई म्हणाल्या. त्या संस्थेतल्या पक्ष्यांच्या जाणकार, मूळच्या नाशिकच्या. योगिताचे प्रश्न त्यांना आवडायचे. "कोतवालाचा भाऊबंद. पक्का नकलाकार. मांजर म्हणू नको, करवत म्हणू नको, सगळं काढतो."

"पण ताई, नकलेला आधी अस्सल लागतं ना?"

ताई हसल्या. "लागतं की! कोळी कधी उतरले असतील, त्यांची ऐकली असेल."

पटण्यासारखं होतं. शिट्टी काय, जगात कोणीही घालतो, आणि दोन लांब एक आखूड यावर चेतनचा काही सातबारा नव्हता. योगिताने स्वतःला तसं बजावलं, आणि मग जे करायला नको तेच केलं. नऊ नंबरच्या पेटीचे एकतीस दिवस काढून बसली. खोटं कशाला बोला, त्या दोन दिवसांत तिला भीती वाटलीच नाही. वाटली ती उत्सुकता, उवा काढणाऱ्या बाईला वाटते तशी. वहीत रकाने पाडले, वेळा लिहिल्या.

शीळ रोज होती. सकाळी सातला, खात्यात पाळी बदलते त्या ठोक्याला. फक्त नऊ नंबरच्याच पेटीत. रोज तीनदा.

इथपर्यंत भृंगराज चालला असता. पण दोन शिळांच्या मधली जागा तिने मोजली आणि तिचं बोट वहीवरच थांबलं. पक्षी ओरडतो तेव्हा ओरडून मोकळा होतो, त्याला घाई असते. ही शीळ थांबायची. उत्तराला जेवढी सवड देतात तेवढीच थांबायची, आणि त्या सवडीत आजूबाजूचे किडे आणि पाखरंही गप्प व्हायची. तिसरी शीळ झाली की एकदाच, सुकल्या पानांवर पाय वळल्यासारखा आवाज यायचा. मग जंगल पुन्हा सुरू.

वाट बघण्याची नक्कल कुठला पक्षी करतो? हे तिने रंजनाताईंना विचारलं नाही. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायला तिला धीर झाला नाही.

४

घरात खोली एक आणि पुढे मोरी. आप्पा, म्हणजे बन्सीलाल, खिडकीशी खाटेवर बसलेले असायचे. एकतीस वर्षं खात्यात काढून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या होत्या. एक बहिरेपण, आणि एक खोकला. दोन कोरडे ठसके, मग घसा खाकरणं. गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला तरी कोणाचा ते कळायचं. पुढे डायबिटीस आला आणि चेतनच्या बरोबरीने दोन चमचे साखर घालून चहा पिणंही गेलं. बोललेलं त्यांना निम्मं कळायचं. शीळ मात्र सगळी कळायची.

योगिता त्यांच्या जवळ सरकून मोठ्याने म्हणाली, "आप्पा, खात्यात कधी असं झालं का, की शीळ आली आणि कोणीच बदली दिली नाही?"

"काब्र इचारस?"

"असंच."

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. "एकतीस वरीस मी कोनाकडे बदली मांगी नही," ते आधी म्हणाले. हा त्यांचा जुना तोरा. घरात सगळ्यांना पाठ. पण या वेळी ते तिथे थांबले नाहीत. चेतनच्या खात्यातल्या शेवटच्या दिवसाबद्दल ते बोलू लागले, जे ते तीन वर्षांत बोलले नव्हते. जहाजाच्या नोकरीचा माणूस दुपारी भेटायला बोलवत होता आणि आप्पांना ती नोकरी नको होती. चेतनने शेजारच्या गल्लीतून शीळ घातली.

"तीन डाव शीळ मारी त्यानी. मी वळीसन देखं बी नही. बाकीना लोके मना तोंडकडे देखेत, म्हनीसन कोनीच बदली दिन्ही नही. पोऱ्या संध्याकाय लगून उभा ऱ्हायना." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घासले. "मंग गया. माले वाटनं, येई परत."

मोरीत भांडी घासणारी उषाबाई थांबली होती. नळ तसाच वाहत होता.  आपण ही जखम कशाला उकरली, असं योगिताला झालं.

५

शुक्रवारी धर्मेंद्र टेबलाशी आला. हा त्या सोळा जणांवरचा साहेब. धुळ्याकडचा, पण सुरतेत जन्मून गुजरातीत मुरलेला. "योगिताबेन, शुं थयुं? सगळ्यांच्या लिस्ट आल्या. तुझ्या नऊ नंबरमध्ये एकतीस वेळा 'माहीत नाही'? अरे, पक्षी लखी नाख ने, लिहून टाक!"

"पक्षी नसला तर?"

"तर काय भूत आहे?" तो हसला, मग तिचा चेहरा बघून खुर्ची ओढून बसला. माणूस वाईट नव्हता. "हे बघ. गुरुवारी हेलिकॉप्टर आहे. पाऊस आला की औषध वाहून जाणार, मग पुढचं वर्ष. पुढच्या वर्षापर्यंत उंदीर त्या ढिगांत काय ठेवतील? तुला त्या कोंबड्यांची माझ्यापेक्षा जास्त माया."

होतीच. त्या पक्ष्याचं घुमणं योगिताने तासन् तास ऐकलं होतं, ढीग उकरतानाची त्याची नखं ऐकली होती. एकोणीसच्या एकोणीस ढिगांना तिने मनात नावं दिली होती. आणि दुसऱ्या पारड्यात काय, तर एक शीळ. पण तिथे खरंच कोणी असलं, आणि आपण 'पक्षी' लिहून मोकळं झालो, तर दोन वर्षं त्याच्याकडे कोणी फिरकणार नव्हतं. चेतन पोहणारा होता. तापीत पोहायला शिकलेला होता.

तिने लाल बटण दाबलं.

"अरे मारी मा!" धर्मेंद्र उठून उभा राहिला.

बोट गेली. रंजनाताई स्वतः गेल्या. औषधाचा दिवस रविवारवर ढकलला, त्यापुढे पावसामुळे ढकलायला जागा नव्हती. बुधवारी त्यांचा निरोप आला. बेट टोकापासून टोकापर्यंत पालथं घातलं. चूल नाही, झोपडी नाही, माणूस नाही. कोणी रागावलं नाही, हेच योगिताला जास्त लागलं.

खाली एक फोटो होता. "पेटी नऊच्या खाली हे आहे. कुठलं जनावर असं चालतं गं? आम्ही सगळे कोड्यात पडलोय."

फोटोत दाट झाडी होती आणि मधे जमिनीची एक पट्टी, गवत मुळासकट गेलेली, पाटासारखी गुळगुळीत. लांबी माणसाच्या चार पावलांची. दोन्ही टोकांना माती गोल घासलेली, वळून वळून. त्या पट्टीकडे येणारी वाट नव्हती आणि तिथून जाणारीही नव्हती.

योगिता उठली. टेबलांच्या मधे ती चार पावलं चालली, वळली आणि चार पावलं परत आली.

"काय गं, पाय आखडले का?" निशाने विचारलं.

"हो," ती म्हणाली. रंजनाताईंना तिने लिहिलं, माहीत नाही.

६

रविवारी पेट्यांचा आवाज थेट फोनवर येणार होता. ऐनवेळी काही ऐकू आलं तर कळवायला सोळांपैकी बारा जणांना एकेक पेटी घरून ऐकायला दिली होती, लाल बटणासकट. आठच्या ठोक्याला पेट्या बंद होणार आणि हेलिकॉप्टर उडणार. नऊ नंबर योगिताने मागून घेतली.

पावणेसातला तिने आईवडिलांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. उषाबाई म्हणाली, "येडी व्हयनी का व तू?" पण उठून गेली नाही. आप्पांना किती ऐकू गेलं कोण जाणे. ते फोनकडे बघत राहिले, बंद पडलेल्या मशीनकडे कारीगर बघतो तसे. योगिताने आवाज मोठा केला. खोलीभर जंगल झालं. बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल गेली, आत कबूतरं घुमत होती.

सात वाजले. किडे थांबले.

दोन लांब, एक मोडलेली.

उषाबाईने तोंडावर हात दाबला. तिला सांगायची गरज पडली नाही. शीळ थांबली. थांबून राहिली. मग दुसरी.

आप्पा खाटेवरून उठले होते.

"आप्पा," योगिता घाबरून म्हणाली, "हे एकीकडूनच आहे. आपण नुसतं ऐकायचं. इथलं तिकडे जात नाही."

तिसरी शीळ आली. आणि बन्सीलालने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ दिली की ताटाळ्यातली ताटं वाजली. गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

"जाय पोऱ्या," फोनकडे बघत ते म्हणाले. आवाज फाटला होता. "मी उभा शे आठे."

 फोनमध्ये पानांवर पाय वळल्याचा तो रोजचा आवाज आला नाही. एक पाखरू बोललं, मग सगळी बोलायला लागली, शाळा सुटल्यासारखी.

आप्पा खाटेवर बसले, भिंतीला टेकले आणि डोळे मिटून घेतले. उषाबाई रडत रडत चहा ठेवायला गेली. योगिताही रडली, मग तिला हसू आलं. भृंगराज असो की कोणी असो, म्हातारा तीन वर्षांनी मोकळा झाला. एवढ्यासाठी एक बोट फुकट गेली तर गेली. तिने ओढणीने नाक पुसलं.

ठसका आला. दोन कोरडे, मग घसा खाकरणं.

"आप्पा, पाणी घ्या," ती मान वर न करता म्हणाली.

पुन्हा आला. दोन, मग खाकरणं. योगिताची नजर मांडीवरच्या फोनवर होती. आवाज तिथून येत होता. त्याच्या मागे सुकी पानं वाजत होती. चार पावलं. वळणं. चार पावलं.

तिने हळूच खाटेकडे पाहिलं. आप्पांचे डोळे उघडे होते आणि ओठ बंद. ते आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करत होते, नवं काही हाती लागल्यासारखे. श्वास अगदी स्वच्छ चालला होता, छातीत घरघर नव्हती.

उषाबाईने कप पुढे केला. तो घ्यायला पुढे आला तो डावा हात.

उषाबाई वाकली होती तशीच राहिली. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं. योगिताला वाटलं, आई आता किंकाळी फोडेल.

सात छप्पन्न. फोनवर लाल बटण होतं. योगिताचं बोट त्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. दाबलं तर बोट पुन्हा जाईल, आणि त्यांना काय दिसेल? चार पावलांची पट्टी. औषध पडणार नाही आणि एकोणीस ढीग उंदरांचे होतील. आणि नाही दाबलं, तर तिचा बाप तिथे उभा आहे. बदली दिलेला माणूस पहिला परत येईपर्यंत हलत नाही, आणि एकतीस वर्षांत ज्याने एकदाही बदली मागितली नाही तो शीळ घालणार नाही. तिचा जीव इतका कधीच तुटला नव्हता.

"आप्पा," ती फोनमध्ये म्हणाली. इथलं तिकडे जात नव्हतं, हे तिनेच सांगितलं होतं.

पावलं थांबली. उत्तराला देतात तेवढी सवड गेली. मग चार पावलं, आणि वळणं.

आठ वाजले आणि पेटी बंद झाली.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला. उषाबाईने कप परत मागून घेतला. फळीवरचा साखरेचा डबा काढला, त्या कपात दोन चमचे साखर घातली, नीट ढवळली आणि त्याच्या डाव्या हातात दिला.